खाटेपुरते भाडे

धर्मशाळेची परंपरा आपल्या समाजाला परिचित आहे. पालिताणा असो वा श्रवणबेळगोळ, यात्रेकरूस निवारा देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. तरीही घरातील मुलगा वा मुलगी युरोपच्या प्रवासात ‘हॉस्टेल’मध्ये उतरणार, असे कळताच वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. अनोळखी माणसांच्या खोलीत झोप कशी लागणार? आहाराचे काय? सामानाचे काय? या शंका रास्त आहेत.

प्रवासी वसतिगृहाची कल्पना जर्मनीतील रिचर्ड शिरमान या शिक्षकाची. १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसह पायी सहलीवर असताना त्यांना वादळी पावसाने गाठले व एका खेड्यातील शाळेत रात्र काढावी लागली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा प्रवासी मुलांना निवारा का देऊ नयेत, हा विचार तेथे रुजला. पुढे आल्टेना येथील किल्ल्यात कायमस्वरूपी वसतिगृह उभे राहिले आणि ही चळवळ देशोदेशी पसरली.

येथे भाडे खोलीचे नसते, खाटेचे असते. एका दालनात चार, सहा, कधी बारा खाटा, एकावर एक रचलेल्या. पारपत्र दाखवून नोंद करावी, खाटेचा क्रमांक घ्यावा, अनेक ठिकाणी चादर स्वतः अंथरावी. सामानासाठी कपाट मिळते. कुलूप बहुधा आपले न्यावे लागते. मुलींसाठी स्वतंत्र दालने पुष्कळ ठिकाणी असतात. आरक्षणापूर्वीच तशी खात्री करून घ्यावी.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने खरी सोय सामायिक स्वयंपाकघराची. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आधीच मावळतो. चौविहार पाळणाऱ्यास त्या वेळी उपाहारगृहात मनाजोगते जेवण मिळणे कठीण. वसतिगृहात मात्र तीन वाजता मुगाची खिचडी शिजवता येते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तेथील भांड्यांत सामिष पदार्थही शिजतात. म्हणून लहान पातेले, चमचा व ताटली घरूनच न्यावी. शिधा पिशवीत बांधून तिच्यावर नाव व तारीख लिहावी आणि वापरलेली जागा पुसून ठेवावी.

गैरसोयीही आहेतच. कोणी घोरतो, कोणी पहाटेच्या गाडीसाठी सामान बांधू लागतो. झोप सावध असणाऱ्यांनी व वृद्धांनी स्वतंत्र खोली घेणे श्रेयस्कर. दागिने वा मौल्यवान मालाचे नमुने बाळगणाऱ्या व्यापाऱ्याने तर सामायिक दालनाचा विचारही करू नये. तेथे काटकसर महाग पडेल.

परंतु तरुणांसाठी या मुक्कामाची किंमत वाचलेल्या भाड्यापुरती नसते. घरी हातात पाण्याचा पेला मिळणाऱ्या मुलाला येथे पातेले स्वतः घासावे लागते. परक्याच्या झोपेसाठी दिवा मालवावा लागतो. भाषा न समजणाऱ्या माणसाशी सलोख्याने वागावे लागते. कोणी ओळखीचे नसल्याने घराण्याचे नाव येथे उपयोगी पडत नाही. पत स्वतःच्या वर्तनातूनच निर्माण करावी लागते. उद्या पेढी सांभाळणाऱ्या मुलाला हा धडा कोणत्याही शिकवणीत मिळणार नाही. म्हणून त्याने परवानगी मागितली, तर नकार देण्याआधी त्याच्या पिशवीत कुलूप आणि पातेले आहे की नाही, एवढे पाहावे.