पाच पायांची जागा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या आसपास सिमेंटचे कारखाने आहेत, पण गाव सोडलं की कापसाची आणि सोयाबीनची शेतं सुरू होतात. या शेतांना पाणी द्यायचं तर कृषिपंपाची वीज येईल त्या वेळी जावं लागतं, आणि ती वेळ अनेकदा रात्रीची असते. जंगलाच्या जिल्ह्यात रात्री बांधावर जायचं म्हणजे साप, रानडुक्कर, अस्वल आणि काही भागांत थेट वाघ. घरबसल्या मोबाइलवरून पंप चालू-बंद करणाऱ्या यंत्राची इथे खरी गरज आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या अशाच यंत्राला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं होतं.

असं यंत्र करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचं काम ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करून पाहायच्या पाटीवर, बहुतेक वेळा जमतं. घोडं अडतं ते पक्का सर्किट बोर्ड छापून आल्यावर. एखादा भाग भोकात शिरतच नाही, किंवा नीट शिरतो आणि उलटं वागतो. दोष सर्किटच्या आकृतीत नसतो, फूटप्रिंटमध्ये असतो.

फूटप्रिंट म्हणजे एखादा भाग बोर्डावर जिथे बसणार त्या जागेचा नकाशा. तांब्याची पॅड किती मोठी, भोकं किती व्यासाची, त्यांच्यात अंतर किती, हिरवा मास्क कुठे उघडा ठेवायचा, एक नंबरची पिन कोणती आणि शेजारच्या भागाने किती लांब राहायचं, हे सगळं त्यात येतं. बोर्ड आखायच्या कीकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो फूटप्रिंट तयार मिळतात. पण बाजारात हाती लागलेला भाग भलत्याच कंपनीचा निघाला, तर त्यातलं एखादं उपयोगी पडेलच असं नाही. तेव्हा स्वतः काढण्याला पर्याय नसतो.

पंपाच्या बोर्डावरचा निळा चौकोनी रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, घ्या. ‘एसआरडी’ मालिकेचा हा पाच व्होल्टचा रिले शाळकरी प्रकल्पांतही दिसतो. त्याला पाच पाय असतात. एका टोकाला मध्यभागी ‘कॉमन’, त्याच्या दोन्ही अंगांना किंचित मागे कॉइलचे दोन, आणि दुसऱ्या टोकाला ‘नॉर्मली ओपन’ (कॉइलला वीज नसताना कॉमनपासून तुटलेला) व ‘नॉर्मली क्लोज्ड’ (तेव्हा कॉमनला जोडलेला). कॉइलच्या दोन पायांत १२ मिलिमीटर अंतर असतं. साध्या आयसीचं गणित २.५४ मिलिमीटरच्या पटीत चालतं, त्यात हा रिले बसत नाही. म्हणून फूटप्रिंट काढताना ग्रिडवर अंदाजाने पॅड ठेवून भागत नाही, प्रत्येकाचे निर्देशक आकड्याने टाकावे लागतात.

खरी मेख पुढे आहे. रिलेच्या डेटाशीटमधलं चित्र अनेकदा खालच्या बाजूने पाहून काढलेलं असतं, तर सॉफ्टवेअरमध्ये आपण बोर्डाकडे वरून पाहत असतो. चित्र जसंच्या तसं उतरवलं की डावं-उजवं बदलतं. रिलेची रचना दोन्ही अंगांनी सारखी असल्यामुळे तो भोकांत अगदी झकास बसतो, सोल्डरिंगही होतं, कॉइलही ओढते. फक्त ‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ यांची अदलाबदल झालेली असते. पंपाच्या स्टार्टरला जोडलेला असा बोर्ड वीज येताच मोटर सुरू करील आणि ‘चालू’चा संदेश मिळाल्यावर बंद करील. विहिरीवर कोणी दुरुस्तीला वाकलेलं असेल तर ही चूक जिवावर बेतू शकते.

बाकीच्या चुका इतक्या भयंकर नसल्या तरी बोर्ड वाया घालवतात. वायर जोडायचे स्क्रू टर्मिनल ५.०० मिलिमीटर अंतराचे मिळतात आणि ५.०८ चेही. दोन पायांच्या टर्मिनलला हा फरक जाणवतही नाही. बारा पायांच्या टर्मिनलमध्ये शेवटच्या पायापर्यंत तो ०.८८ मिलिमीटर होतो आणि पाय भोकाबाहेर येतो. पिन हेडरची चौकोनी पिन ०.६४ मिलिमीटरची असते, म्हणून कोणी ०.८ चं भोक देतो. पण भोकात जातो तो पिनचा कर्ण, आणि तो ०.९ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. तिथे १ मिलिमीटरचं भोक हवं.

पृष्ठभागावर चिकटवायच्या भागांचं गणित निराळं. बोर्डाला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा ‘एसआयएम ९००’ हा जीएसएम मॉड्यूल २४ मिलिमीटर लांब-रुंद आहे आणि त्याला ६८ पॅड आहेत. हाताने सोल्डर करायचं असेल, तर बोर्डावरची कडेची पॅड मॉड्यूलच्या काठाबाहेर थोडी लांबवावी लागतात, नाहीतर सोल्डरिंग आयर्नचं टोक पोहोचणार कुठे? रेझिस्टरच्या दोन पॅडचे आकार असमान झाले, तर भट्टीत एका बाजूचं सोल्डर आधी वितळतं आणि इवलासा रेझिस्टर एका टोकावर उभा राहतो. पॅड किती वाढवायची याचे नियम ‘आयपीसी ७३५१’ या मानकात दिलेले आहेत.

हे शिकायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. कीकॅड १९९२ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलं. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने त्याच्या विकासाला हातभार लावला. ते आजही फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने त्याचाच आधार घेऊन ‘ईसिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर तयार केलं. चंद्रपूरच्या महाविद्यालयांतल्या आणि गडचांदूरच्या घरातल्या मुलांना ही दोन्ही सारखीच उपलब्ध आहेत.

फाइल कारखान्याकडे पाठवण्याआधी बोर्डाचं चित्र शंभर टक्के मापात कागदावर छापा, छापील अंतर पट्टीने तपासा आणि प्रत्येक भागाचे पाय त्या कागदातून टोचून बघा. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर आधी तो विकत घ्या. आणि रिलेचं चित्र वरून काढलंय की खालून, हे डेटाशीटमध्ये वाचल्याशिवाय एकही पॅड टाकू नका.