कपाळावरचा डाग आणि डाव्या अंगाची आकडी

लंडन, १८७९. डॉक्टर विल्यम ॲलन स्टर्ज साडेसहा वर्षांच्या एका मुलीला तपासत होते. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला जन्मापासूनचा लालजांभळा डाग होता, आणि आकडी यायची ती डाव्या अंगाला. डावं अंग चालवतो मेंदूचा उजवा भाग. स्टर्जनी धाडसी तर्क मांडला: असाच डाग आत, उजव्या मेंदूवरही असणार. कवटी न उघडता केलेलं हे विधान अनेकांना पटलं नाही. १९२२ मध्ये फ्रेडरिक पार्क्स वेबर यांनी अशा रुग्णाच्या मेंदूतले बदल क्ष-किरणांनी दाखवले. आजाराला दोघांचं नाव मिळालं: स्टर्ज-वेबर.

कारण मात्र सापडेना. आजार ना आईबापांत, ना भावंडांत. आणि कारण दिसेना की आपल्याकडे आईलाच जबाबदार धरतात. खेडं असो की पुणे, ‘ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का गं?’ असं बाळंतिणीला विचारणारं कुणीतरी भेटतंच. आधीच घाबरलेल्या बाईला याहून क्रूर प्रश्न नाही.

१९८७ मध्ये जर्मन त्वचातज्ज्ञ रुडॉल्फ हॅपल यांनी वेगळीच वाट सुचवली. जनुकातली चूक सगळ्या शरीरात नसेलच. तशी असती तर गर्भ जगलाच नसता. ती काही पेशींपुरतीच असेल.

मग शोधायची कुठे? बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटमधले जोनाथन पेव्हस्नर, ॲन कोमी आणि सहकाऱ्यांनी रुग्णाची तुलना दुसऱ्या कुणाशी केली नाही, त्याच्या स्वतःशीच केली. तिघा रुग्णांचा डागाळलेला भाग आणि निरोगी भाग घेऊन दोन्हींतला सगळा डीएनए वाचला. सुमारे ३ अब्ज अक्षरांत महत्त्वाचा फरक निघाला एका अक्षराचा, जीएनएक्यू नावाच्या जनुकात. पुढे २६ रुग्णांपैकी २३ जणांत तोच बदल मिळाला. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

पण नुसता डाग असलेल्या, मेंदू धडधाकट असलेल्या १३ पैकी १२ जणांतही तोच बदल होता! म्हणजे फरक बहुधा वेळेचा. गर्भात ती चूक लवकर घडली तर त्वचा, डोळा, मेंदू तिन्ही सापडतात. उशिरा घडली तर त्वचेवर भागतं.

म्हणून कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असा डाग दिसला, तर पहिल्या आकडीची वाट न बघता बाळाचे डोळे आणि मेंदू तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकालाही तो दाखवावा. आणि ‘दुसऱ्या बाळालाही होईल का?’ असं आईने विचारलं, तर डॉक्टर आता सांगू शकतात: ही चूक आईबापांकडून आलेलीच नव्हती, गर्भातल्या एका पेशीत ती नव्याने घडली होती.