जेऊरचे खग्रास ग्रहण आणि सूर्याचे प्रभामंडळ

सूर्याभोवतीच्या सर्वांत बाहेरच्या विरळ वातावरणाला प्रभामंडळ किंवा करोना म्हणतात. त्याचे तेज सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लाखांश असल्याने एरवी ते दिसत नाही. खग्रास ग्रहणात चंद्र बिंब झाकतो, तेव्हाच ते नजरेस पडते.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. विजयदुर्गावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तळ ठोकला होता. करमाळा तालुक्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कँपबेल यांनी वेध घेतले. कँपबेल यांचा कॅमेरा ४० फूट लांबीचा होता. त्यातून सूर्याची सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाची प्रतिमा काचेच्या प्लेटवर पडे. सूर्य सरकेल तशी ही प्लेटही घड्याळी यंत्राने सरकवली जाई. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, त्यामुळे प्रत्येकाच्या कामाची आधीच तालीम होई.

प्रभामंडळाच्या वर्णपटातील हिरवी रेषा १८६९च्या ग्रहणात सापडली होती. ती १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची असल्याचे १९४०च्या सुमारास उलगडले आणि प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्याचे स्पष्ट झाले. पृष्ठभाग मात्र जेमतेम साडेपाच हजार अंशांचा! ही तफावत आजही पूर्ण उलगडलेली नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेल्या भारताच्या आदित्य-एल१ यानावरील दुर्बीण बिंब कृत्रिमरीत्या झाकून प्रभामंडळाचा अभ्यास करते.