आम्ही बोललोच नाही, ते लिहिलं कुणी?



आज बोलायचंय एआयबद्दल, म्हणजे मोबाईलवर प्रश्न टाकला की पानभर उत्तर लिहून देणाऱ्या यंत्राबद्दल. तुम्ही म्हणाल, शोधनिबंध, पीएचडी हे कॉलेजवाल्यांचं. त्यात बचत गटाच्या बायकांचं काय काम? आम्हालाही तसंच वाटत होतं.

आमच्या गटातल्या एका वहिनींची पुतणी पीएचडी करते. विषय बचत गट आणि महिलांचं कर्ज. ती करवीर तालुक्यातल्या आमच्या बैठकीला आली आणि चौदा जणींना प्रश्न विचारून गेली. महिन्याभराने लिहिलेला मसुदा वाचून दाखवायला पुन्हा आली, हे तिचं चांगलं. त्यात होतं, कर्ज घेतलेल्या बहुतेक महिलांचं उत्पन्न दुप्पट झालं. खाली एका सदस्येचं बोलणंही दिलेलं, अगदी तिच्याच तोंडचं असल्यासारखं. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. असं कुणीच बोललं नव्हतं. उलट आमच्यातल्या एका अक्कांची कर्जावर घेतलेली म्हैस सहा महिन्यांत दगावली. त्या अजून हप्ते फेडताहेत. त्या म्हशीचा मसुद्यात पत्ताच नव्हता.

पोरगी ओशाळली. टिपणं मराठीत, निबंध इंग्रजीत लिहायचा, तारीख जवळ आलेली. तिने टिपणं एआयला दिली आणि नीट लिहून दे म्हणून सांगितलं. जिथे टिपणं तोकडी होती, तिथे यंत्राने आपल्या मनाने भर घातली.

असं का होतं? चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांसमोर आलं. अशा यंत्रांना अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. त्यावरून एका शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, हे ती ठरवत जातात. खरं काय घडलं, ते त्यांना ठाऊक नसतं. बचत गटाबद्दल जिकडेतिकडे चांगलंच लिहिलेलं, म्हणून यंत्रही तसंच लिहितं. संदर्भांचंही तेच. लेखकाचं नाव बरोबर वाटतं, मासिकाचं नाव बरोबर वाटतं, पण तसा लेखच नसतो. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आयकराचं एक प्रकरण आलं. आदेशात आधार घेतलेले निकाल मुळात अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि एआयने दिलेलं पडताळून घ्या, असं बजावलं.

मग एआय वापरूच नये का? तसं नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या लेकींना इंग्रजी वाक्य सुधारायला, अवघड लेख समजून घ्यायला त्याची मोठी मदत होते. शोधपत्रिकांना नीतिनियम सांगणारी कोप नावाची आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की एआयला लेखक म्हणता येणार नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही; आणि ते कुठे, कसं वापरलं ते निबंधात सांगायला हवं. आपल्या गटाच्या इतिवृत्ताचंही असंच आहे ना? वही कुणीही लिहो, खाली सही करणारीने जाब द्यायचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा वाङ्मयचौर्याचा नियम २०१८ चा आहे. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. साठ टक्क्यांच्या वर गेलं तर प्रबंध देणाऱ्याची नोंदणीच रद्द. पण ही चाळणी चोरी पकडते. आमच्या तोंडी घातलेलं खोटं वाक्य कुठूनच उचललेलं नव्हतं, मग ते तिच्यात अडकणार कसं? ते फक्त आम्हीच ओळखू शकत होतो.

म्हणून घरात कुणी संशोधन करत असेल तर एवढं सांगा. प्रत्येक आकडा आपल्या वहीत आहे का, ते बघ. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाच. पीएचडीचे कितीतरी प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात. लोकांची नावं, फोन नंबर, कर्जाचे आकडे यंत्रात टाकू नकोस. ते बाहेरच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जातात. एआयची मदत घेतलीस तर गाईडना सांग आणि निबंधातही लिही.

आणि आपल्या गटात कुणी प्रश्नावली घेऊन आलं, तर माहिती जरूर द्या. पण लिहिलेलं वाचून दाखवाल का, हे आधी विचारून घ्या. असे निबंध वाचून कुणी उद्या योजना आखेल. सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट झालं असं छापून आलं, तर जनावराच्या विम्याचं कोण बोलणार?

पोरीने मसुदा पुन्हा लिहिला. वाचून दाखवताना म्हशीचा भाग आला, तेव्हा अक्का म्हणाल्या, “हां, आता हे आमचं.”