लोणारला पाहुणे घेऊन जाताय? चालायच्या चार सोप्या वाटा, आणि कुठं थांबायचं तेही वाचा

लोणार : सुट्टी लागली, पाहुणे आले की जिल्ह्यात घरोघरी एक बेत ठरलेला असतो, "चला, लोणार दाखवून आणू." गाडी काढायची, काठावर उभं राहून चार फोटो काढायचे आणि अर्ध्या तासात परत फिरायचं. काही जण याच्या उलट करतात. म्हाताऱ्या माणसांना, लहान लेकरांना घेऊन भर दुपारी सरळ तळापर्यंत उतरतात आणि वर येताना सगळ्यांचे हाल होतात.

दोन्हीची गरज नाही. लोणारमध्ये पायी फिरायच्या सोप्या वाटा आहेत. कुणाला कोणती वाट झेपेल एवढं आधी ठरवलं, तर एका सकाळी निवांत पाहून होतं.

आधी खड्डा समजून घ्या

लोणार सरोवर म्हणजे उल्का आदळून पडलेला खड्डा. काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत सुमारे १३५ ते १५० मीटर खोल. गावातली पाण्याची उंच टाकी २० मीटरची धरली, तर तशा सात टाक्या एकावर एक ठेवाव्यात एवढी ही खोली आहे. उतरायच्या आधी हा हिशेब डोक्यात ठेवा.

हा खड्डा काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्ट खडकात पडलेला आहे. जगात उल्केचे खड्डे पुष्कळ आहेत, पण बेसाल्टमधले इतके चांगले टिकलेले फार थोडे. चंद्रावरचे कितीतरी खड्डेही अशाच खडकात आहेत, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, तर दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाख वर्षांच्या पुढे जातं.

पाणी खारट का, आणि धार गोड का?

पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात. सरोवरात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चालू आहे. शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या कागदावरचा 'सामू' माहीत असतो. साडेआठच्या पुढे सामू गेला की जमीन चोपण होते. या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. म्हणून ते प्यायचं नाही, त्यात अंघोळ करायची नाही, लेकरांना त्यात उतरू द्यायचं नाही.

धारेचं पाणी गोड आहे, कारण ते सरोवरातून येत नाही. आजूबाजूला मुरलेलं पावसाचं पाणी खडकाच्या थरांमधून वाट काढत खड्ड्याच्या कडेला बाहेर पडतं. सरोवरात मिसळल्यावर ते खारट होतं.

२०२० च्या जून महिन्यात पाणी गुलाबी झालं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी कमी झालं, क्षार वाढले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आला, असं त्यांनी सांगितलं. त्यात चमत्कार नव्हता आणि विषही नव्हतं.

वाट पहिली : दैत्यसूदन मंदिर ते धार

आजी-आजोबा आणि लेकरं सोबत असतील तर ही वाट धरा. गावातल्या दैत्यसूदन मंदिरापासून सुरुवात करायची. लोणासुर दैत्याला विष्णूने मारलं, त्याची ही जागा अशी कथा आहे. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम सावकाश एक फेरी मारून पाहा. गाभाऱ्यात अंधार असतो, नजर बसायला थोडा वेळ द्या.

तिथून पायी धारेकडे जाता येतं. धारेपाशी पायऱ्या उतराव्या लागतात. त्या ओल्या असतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाचा हात धरा आणि चप्पल बघून पाय टाका. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरूनच दर्शन घेतलं तरी चालतं. खालचं सरोवर इथून छान दिसतं.

वाट दुसरी : काठावरून

फोटो काढणाऱ्यांसाठी ही वाट. पर्यटन विकास महामंडळाच्या निवासाजवळून सरोवर समोर दिसतं. तिथून काठाच्या कडेने एक-दोन किलोमीटर जाऊन परत यायचं. पूर्ण फेरी साधारण सहा किलोमीटर होते, पण सगळीकडे वाट सारखी नाही, काही ठिकाणी झाडी आणि दगडगोटे आहेत. सोबत माहीतगार नसेल तर पूर्ण फेरीचा हट्ट नको.

चालताना काठाचे खडक निरखून पाहा. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. उल्केच्या धडकेने जमिनीचे थर उचलले गेले, काही तर उलटे होऊन पडले. त्यामुळे इथला दगड भुसभुशीत, सुटा आहे. सेल्फीसाठी अगदी टोकावर जाऊ नका. पायाखालचा दगड कधी सरकेल सांगता येत नाही.

वाट तिसरी : मोठा मारुती आणि अंबर तळं

गर्दी नको असेल तर ही वाट चांगली. मोठ्या सरोवराच्या उत्तरेला सुमारे ७०० मीटरवर अंबर तळं नावाची उथळ जागा आहे. जवळच मोठ्या मारुतीचं मंदिर आहे, आडव्या, झोपलेल्या मारुतीची मूर्ती असलेलं. उल्केचा एक तुकडा वेगळा पडून हे तळं झालं, असं काही अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. जमीन सपाट आहे, चढ जवळपास नाहीच. आजूबाजूला शेतं आहेत. पेरलेल्या वावरातून जाऊ नका, धुऱ्यावरून जा, आणि शेतमालक दिसला तर विचारून जा.

वाट चौथी : खाली, सरोवराकडे

ही वाट उतरताना सोपी वाटते, चढताना दम काढते. वाटेत जुनी मंदिरं आहेत, दाट झाडी आहे, मोर आहेत, वानरांच्या टोळ्या आहेत. काठाजवळ कमळजा देवीचं मंदिर आहे. नवरात्रात इथं मोठी गर्दी होते.

उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा. हृदयाचा त्रास, दमा, जास्त रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी वरच थांबावं. देवीला नमस्कार काठावरूनही पोचतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गेल्या काही वर्षांत सरोवराची पातळी बरीच वाढली आहे. पाणी कमळजा मंदिरापर्यंत पोचलं आणि काठाने जाणारी जुनी पायवाट काही ठिकाणी पाण्याखाली गेली. "आम्ही मागच्या वेळी इथूनच गेलो होतो" म्हणून पाण्यात किंवा ओल्या गाळात शिरू नका. गाळ चिकट असतो, पाय रुततो. वनकर्मचारी जिथं थांबा म्हणतील तिथं थांबायचं.

पातळी वाढणं ही आपल्यासाठी फक्त वाटेची अडचण, पण सरोवरासाठी मोठा प्रश्न आहे. गोडं पाणी जास्त मिसळलं की खारटपणा उतरतो आणि केवळ खाऱ्या पाण्यात जगणारे जीव अडचणीत येतात. सरोवराच्या जपणुकीचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अनेक वर्षांपासून आहे, तो उगाच नाही.

नियम कशासाठी?

हा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचं नाव आलं. महाराष्ट्रात त्याआधी हा मान फक्त नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला होता.

म्हणून खाली जायच्या आधी वनविभागाकडे वेळ आणि परवानगीची चौकशी करा. दगड खिशात घालून आणू नका. धडकेच्या उष्णतेने वितळलेल्या खडकाचे तुकडे इथं सापडतात. शोकेसमध्ये ठेवला तर तो नुसता दगड, जागेवर राहिला तर अभ्यासाचा पुरावा. साबण, शाम्पू, निर्माल्य, कुरकुऱ्याची पाकिटं धारेत किंवा झाडीत टाकू नका. धारेत टाकलेलं शेवटी सरोवरातच जातं, आणि तिथून बाहेर पडायला वाट नाही हे वर सांगितलंच आहे. वानरांना खाऊ घातला की ती माणसाच्या पिशवीवर झडप घालायला शिकतात.

निघण्याआधी एवढं करा

• सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात नऊच्या आत वर परत आलेलं बरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात हिरवळ सुंदर असते, पण दगड निसरडे होतात.

• माणशी किमान एक लिटर पाणी, टोपी किंवा उपरणं, आणि पकड असलेले बूट घ्या. स्लीपर नको.

• झाडाला किंवा कड्याला मधमाश्यांचं मोहळ दिसलं तर आवाज, धूर, दगड काही नको. गुपचूप मागे फिरा.

• एकट्याने खाली उतरू नका, अंधार पडायच्या आत वर या. झाडीत जंगली जनावरं आहेत. खाली फोनला रेंज मिळेलच असं धरू नका, कुठं जातोय ते घरी सांगून निघा.

• साप चावला तर झाडपाला, मंत्र यात वेळ घालवू नका, आवळून दोरी बांधू नका. माणसाला चालवू नका, आडवं ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. लोणारला ग्रामीण रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस मदतीसाठी ११२, वनविभागासाठी १९२६.

लोणारच्या लोकांनाही एक विनंती. बाहेरचा माणूस वाट विचारतो तेव्हा "सरळ जा" म्हणण्याआधी त्याच्यासोबत कोण आहे ते बघा. म्हातारं माणूस असेल तर दैत्यसूदन आणि धार सांगा, तरणी पोरं असतील तर पाणी किती घेतलंय ते विचारा. गावातल्या पोरांनी ही माहिती नीट पाठ केली तर पाहुणे अर्ध्या तासात परत न जाता अर्धा दिवस थांबतील. चहावाल्याचे, जेवणवाल्याचे, रिक्षावाल्याचे दोन पैसे त्यातूनच होतील.