तेल समुद्रात, नोकरी कंत्राटात

५ जून २०२५ रोजी मलेशियाच्या सरकारी तेलकंपनीने, पेट्रोनासने, आपले दहा टक्के मनुष्यबळ कमी करणार असल्याचे जाहीर केले. सुमारे ५०,००० पैकी ५,००० हून अधिक माणसे घरी जाणार, शिवाय नवी भरती आणि बढत्या डिसेंबर २०२६ पर्यंत बंद. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच कंपनीचा २०२४ सालचा करोत्तर नफा जाहीर झाला होता. तो होता ५५.१ अब्ज रिंगिट, आणि तेव्हा एक रिंगिट म्हणजे साधारण वीस रुपये होते. इतका नफा मिळवणाऱ्या कंपनीला माणसे का जड व्हावीत?

याचे एक उत्तर आकड्यांतच आहे. २०२३ मध्ये हाच नफा ८०.७ अब्ज होता, म्हणजे एका वर्षात जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत खनिज तेल पिंपाला ६० ते ६५ डॉलरच्या घरात उतरले होते. कंपनीचे प्रमुख तेंगकू मुहम्मद तौफिक यांनी तर हे आत्ता केले नाही तर दहा वर्षांनी पेट्रोनासच उरणार नाही, अशा अर्थाचा इशारा दिला. पण खरे उत्तर समजून घ्यायचे तर पन्नास वर्षे मागे जावे लागते.

१९७४ हे साल आपल्याही ओळखीचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव घरोघरी पोचले. त्याच वर्षी १७ ऑगस्टला क्वालालंपूरमध्ये पेट्रोनासची स्थापना झाली. मलेशियाच्या संसदेने केलेल्या पेट्रोलियम विकास कायद्याने देशातले सगळे तेल आणि सगळा वायू या एकाच कंपनीच्या मालकीचा केला. शेल, एक्सॉन यांसारख्या परदेशी कंपन्यांनी इथे काम करायचे ते पेट्रोनासशी उत्पादन-वाटणीचा करार करून. त्यामुळे पेट्रोनास ही एकाच वेळी मालकही आहे, परवाने देणारा अधिकारीही आहे आणि स्वतः खोदकाम करणारा व्यावसायिकही. त्याशिवाय सरकारी तिजोरीचा आधारही तीच. २०२२ मध्ये तिने सरकारला ५० अब्ज रिंगिट लाभांश दिला, २०२३ मध्ये ४० अब्ज, २०२४ मध्ये ३२ अब्ज. तेल स्वस्त झाले म्हणून सरकारच्या गरजा त्या प्रमाणात कमी होत नाहीत. मग ताण येतो तो कंपनीच्या खर्चावर, आणि त्या खर्चात माणसे येतात.

दुसरी अडचण जमिनीखालची. मलेशियातली पहिली तेलविहीर सारावाक राज्यातल्या मिरी गावाजवळच्या टेकडीवर १९१० मध्ये लागली. स्थानिक लोक तिला ‘ग्रँड ओल्ड लेडी’ म्हणतात आणि आज तिथे संग्रहालय आहे. त्यानंतर समुद्रात सापडलेली मोठी क्षेत्रेही आता म्हातारी झाली आहेत. देशाच्या तेल उत्पादनाचा उच्चांक या शतकाच्या पहिल्या दशकातच गाठला गेला आणि नंतर ते उतरतच आले. आज मलेशियाचा खरा जोर वायूवर आहे. सारावाकमधल्या बिंतुलू इथून द्रवरूप वायूचे पहिले जहाज १९८३ मध्ये जपानला गेले आणि आज तो प्रकल्प जगातल्या सर्वांत मोठ्या द्रवरूप वायू प्रकल्पांपैकी एक आहे. मात्र उरलेल्या बऱ्याच वायूक्षेत्रांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण फार मोठे आहे. तो वेगळा काढायचा आणि पुन्हा जमिनीखाली गाडायचा, तर दर युनिटमागे खर्च वाढतो. सारावाकच्या किनाऱ्यापासून दूर कासावारी क्षेत्रात वर्षाला ३३ लाख टन कार्बन डायऑक्साइड गाडण्याचा प्रकल्प त्यासाठीच आखला गेला. त्याचा प्लॅटफॉर्म उभारण्याचे काम जोहोरमधल्या पासिर गुदांगच्या गोदीला मिळाले. जुन्या तेलक्षेत्रात माणसे कमी होत असताना अशा ठिकाणी नवी कामे निघतात, पण तिथे लागणारी माणसे वेगळ्या कौशल्याची असतात.

कपातीच्या बातमीत जी ५,००० माणसे दिसतात त्यांचे निदान काही मोजमाप तरी आहे. कंपनी त्यांना पत्र देते, वर्षांच्या हिशेबाने भरपाई ठरते, वर्तमानपत्रे त्यांच्याबद्दल लिहितात. तेलाच्या धंद्यात याहून मोठा वर्ग कुठल्याच घोषणेत मोजला जात नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्याची आहे. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर दिसणारी बरीचशी माणसे पेट्रोनासची नसतातच. वेल्डर, फिटर, रिगर, परांची बांधणारे, वाळूचा मारा करून गंज काढणारे आणि रंग देणारे, स्वयंपाकी, क्रेनचालक हे सगळे कंत्राटदारांचे किंवा कंत्राटदाराच्या कंत्राटदाराचे.

एका माणसाची नोकरी कशी तयार होते ते पाहू. समजा, सारावाकच्या समुद्रातल्या एखाद्या जुन्या प्लॅटफॉर्मवर तपासणी झाली आणि खालच्या डेकच्या पाइपांवर गंज चढल्याचे आढळले. पाइप साफ करून रंगवायचा ठरतो, आणि त्यासाठी आधी परांची उभी राहिली पाहिजे. हे काम स्वतंत्र निविदा काढून कोणी देत नाही. देखभालीचे मोठे छत्री-कंत्राट आधीच चार-पाच वर्षांसाठी काही कंपन्यांना दिलेले असते, आणि त्यात फक्त दर ठरलेले असतात, कामाचे प्रमाण नाही. तपासणीचा अहवाल आला की त्या कंत्राटातून ‘कॉल-आउट’ निघतो, म्हणजे अमुक इतकी माणसे अमुक दिवसांसाठी पाठवा असा आदेश. परांचीवाल्याच्या हाताला काम मिळते ते या आदेशाच्या दिवशी, आणि काम संपते ते परांची उतरवल्याच्या दिवशी. तेलाचा भाव घसरला की कंपनी रंगाचे काम पुढच्या वर्षी ढकलते. प्लॅटफॉर्म बंद पडत नाही, उत्पादन थांबत नाही, कोणाला काढून टाकल्याची बातमीही होत नाही. फक्त कॉल-आउट येत नाही.

त्यात ऋतूची भर. नोव्हेंबर ते मार्च या काळात ईशान्य मोसमी वारे दक्षिण चिनी समुद्र खवळवतात. तेरेंगानू राज्याच्या किनाऱ्यापासून सारावाकपर्यंत समुद्रातली देखभालीची कामे मंदावतात. मिरीत मूळ असलेल्या डायांग एन्टरप्राइझसारख्या देखभाल कंपन्यांचे वर्षाचे पहिले तीन महिने म्हणूनच थंड जातात. आपल्याकडे पावसाळ्यात मुंबई हायवरची बांधकामे बंद असतात आणि ऑक्टोबरपासून मे पर्यंत धांदल उडते. तिकडचे चक्र याच्या बरेचसे उलट चालते. पावसाळ्यात इथली बार्ज बंदरात बांधली की मलेशियातल्या कामाची विचारणा का सुरू होते, ते यातून कळते.

कंत्राटदार बुडाला तर काय होते, ते सापुरा एनर्जीने दाखवले. तेलप्रकल्पांच्या बांधकामात आणि ड्रिलिंगमध्ये ती देशातली आघाडीची कंपनी. २०१४ नंतर तेल शंभर डॉलरच्या वरून घसरत गेले आणि जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्याही खाली आले. त्या वर्षांत घेतलेली कामे तोट्यात गेली, कर्ज दहा अब्ज रिंगिटच्या वर गेले, आणि छोट्या पुरवठादारांची बिले थकली. एका क्रेनभाडेवाल्याचे बिल अडकले की त्याच्या चालकाचा पगार अडकतो, आणि हे लोण किनाऱ्यावरच्या गावागावांत पसरते. मार्च २०२५ मध्ये सरकारने १.१ अब्ज रिंगिट द्यायचे ठरवले तेव्हा हे पैसे स्थानिक पुरवठादारांच्या थकबाकीसाठी वापरायचे, अशी अट घातली. कंपनीचे नाव आता व्हँट्रिस एनर्जी झाले आहे. सरकारने बुडत्या कंपनीला पैसे द्यावेत का, यावर मतभेद होऊ शकतात, पण पैसा शेवटच्या हातापर्यंत पोचावा ही अट मला मोलाची वाटते. कंत्राटी साखळीतल्या माणसाचा विचार सरकारी निर्णयात असा क्वचितच दिसतो.

मलेशियातली नोकरी आणखी एका गोष्टीवर लटकलेली आहे, ती म्हणजे सारावाकचा वाद. देशाच्या वायूचा मोठा वाटा या राज्याच्या समुद्रातून येतो आणि १९७४ च्या व्यवस्थेत त्याला स्वामित्वधन मिळते ते पाच टक्के. राज्याने २०१७ मध्ये पेट्रोस ही स्वतःची तेलकंपनी काढली आणि २०२४ मध्ये राज्यातला वायू एकत्र खरेदी करून विकण्याचा अधिकार तिच्याकडे दिला. पेट्रोनासचा हक्क मोठा की पेट्रोसचा, यावर बराच काळ तणाव चालला, न्यायालयात प्रकरणे गेली, आणि मे २०२५ मध्ये पंतप्रधान अन्वर इब्राहिम व सारावाकचे प्रमुख अबांग जोहारी यांनी संयुक्त घोषणापत्र काढून सहकार्याची भाषा केली. आपल्याकडे केंद्र-राज्य महसुलाच्या तंट्यात नोकऱ्यांचा मुद्दा इतका थेट येत नाही. तिथे तो येतो, कारण १९६३ च्या मलेशिया करारानुसार सारावाक आणि साबाह या राज्यांना प्रवेशाबाबत स्वतःचे अधिकार आहेत. क्वालालंपूरच्या मलेशियन वेल्डरलाही मिरीत काम करायचे तर वेगळा वर्क परमिट लागतो. परदेशी माणसाची पायरी त्याच्याही खालची.

या साखळीत मराठी माणूस कुठे येतो? एक दुवा मुंबईच्याच समुद्रात आहे. बुमी आर्माडा या मलेशियन कंपनीने शापूरजी पालनजी समूहाबरोबर भागीदारी करून तेल काढून साठवणारी तरंगती जहाजे ओएनजीसीसाठी उभी केली. ‘आर्माडा स्टर्लिंग’ २०१३ पासून मुंबईच्या पश्चिमेला डी-१ क्षेत्रावर आहे, दुसरे मुंबईच्याच समुद्रातल्या क्लस्टर-७ वर, आणि याच मालिकेतल्या आणखी एका जहाजातून जानेवारी २०२४ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातले पहिले तेल निघाले. सापुरा आणि एल अँड टी यांनीही भागीदारीत ‘एलटीएस ३०००’ हे समुद्रात पाइपलाइन टाकणारे आणि अवजड सामान उचलणारे जहाज चालवले. मुंबईत बसून मलेशियन ज्ञानावर काम करता येते, आणि जुहूच्या हेलिबेसवरून उडालेल्या माणसाचा अनुभव मिरीत मोजलाही जातो.

तो मोजला जातो दाखल्यांवर. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर पाऊल ठेवायला ‘बोसिएट’ प्रशिक्षण लागते आणि उष्ण समुद्रांसाठी त्याचा ट्रॉपिकल प्रकार चालतो. त्यातला सगळ्यात कठीण भाग म्हणजे उलटे हेलिकॉप्टर. तलावावर टांगलेल्या खोट्या केबिनमध्ये माणसाला पट्ट्याने बांधतात, केबिन पाण्यात सोडतात आणि ती उलटते. नाकात पाणी शिरते, वर-खाली कळत नाही. शिकवलेले असते ते एवढेच, की हात खिडकीच्या कडेवरून सोडू नका, केबिन हलणे पूर्ण थांबेपर्यंत पट्टा उघडू नका, मग खिडकी ढकला, त्यानंतरच पट्टा उघडा आणि त्याच हाताच्या आधाराने बाहेर या. ज्यांनी गडबडून आधी पट्टा काढला, ते केबिनमध्येच तरंगत राहतात आणि पाणबुडे त्यांना बाहेर काढतात. हा दाखला चार वर्षे चालतो. गोव्यात बेतूल इथे ओएनजीसीचे सुरक्षा संस्थान आहे आणि त्याच्या सागरी जीवरक्षण केंद्राचे उद्‌घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. असे प्रशिक्षण आता घराजवळ मिळते, ही कोकणातल्या तरुणांसाठी खरोखर चांगली गोष्ट आहे.

वाईट गोष्ट दुसरीकडे आहे. मोठ्या तेलकंपनीचे नाव सांगून पैसे उकळणाऱ्यांचा धंदा अशा कपातीच्या काळात ओसरत नाही, उलट भरती बंद असतानाही ‘पेट्रोनासमध्ये जागा’ अशी पत्रे फिरत राहतात. कंपनीने स्वतः याबाबत वेळोवेळी सावध केले आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत मलेशियात व्हिसाशिवाय जाता येते. एजंट हीच सोय दाखवून मुलांना नेतात आणि ‘परमिट तिथे गेल्यावर होईल’ असे सांगतात. पर्यटक म्हणून उतरून कामाला लागलेला माणूस तिथल्या कायद्याने बेकायदा ठरतो, मग त्याच्या खिशात बोसिएटचा दाखला असो की वीस वर्षांचा अनुभव. परदेशात कामाला पाठवणाऱ्या एजंटकडे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते, त्याचा नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि त्याला घेता येणारी रक्कम ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच आहे. मलेशिया हा परदेशगमन परवानगी लागणाऱ्या देशांच्या यादीत आहे. दहावी झालेल्याच्या पासपोर्टला ती परवानगी लागत नाही, पण म्हणून करार न वाचता जावे असे नाही. करारात कंत्राटदाराचे नाव, कामाचा कालावधी, परमिट कोण काढणार आणि काम थांबल्यास परतीचे तिकीट कोणाचे, या चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय आहे, आणि विमानात बसण्याआधी तिथे चौकशी करता येते.