कुऱ्हाड आहे, दांड्याचे काय?

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की बाजाराचा नूर पालटतो. तरावीहची नमाज आटोपून लोक बाहेर पडतात, तेव्हा शेवया, खजूर, सुकामेवा, अत्तर, टोप्या, बांगड्या यांची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. गिऱ्हाईक सगळ्या धर्मांचे असते. हा सगळा व्यवहार चालतो आवाजावर. भाव ओरडून सांगायचा, घासाघीस तोंडाने करायची, आणि आता तर पैसे आल्याची वर्दीही काउंटरवरचा छोटा साउंडबॉक्स मोठ्याने बोलून देतो. दुकानदार कर्णबधिर असेल तर त्या साउंडबॉक्सचा त्याला काहीच उपयोग नाही. गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक मोबाइल दाखवून निघून जाते आणि रक्कम खरोखर जमा झाली का, हे बघायला त्याला हातातले काम सोडून आपला फोन उघडावा लागतो.

२०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांच्या वर नोंदली गेली. त्यांच्यात शिवणकाम, मेंदी, बेकरी, छपाई, मोबाइल दुरुस्ती, दागिने घडवणे अशी कौशल्ये असणारे पुष्कळ आहेत. हाताला कसब असते. अडते ते पुढे. दुकान काढणे म्हणजे नुसते शटर वर करणे नव्हे. उद्यम नोंदणी, खाद्यपदार्थ असतील तर अन्न परवाना, उलाढाल वाढली की जीएसटी, बँकेचे कर्ज, भाडेकरार, उधारीची वही. ही माहिती सरकारी पत्रकांत मिळते, नाहीतर शिबिरातल्या भाषणात किंवा ओळखीच्या माणसाच्या तोंडून. ऐकणाऱ्या माणसाला निम्मा धंदा चहाच्या टपरीवर बसूनच समजतो. कर्णबधिराच्या वाट्याला ती टपरी येत नाही.

‘ऐकू येत नाही ना, मग लिहून द्या,’ असे सहज म्हटले जाते. त्यात एक मोठा गैरसमज आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाची मराठी ही मातृभाषा असेलच असे नाही. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात. घरात खुणांची भाषा नसते आणि अनेक शाळांनी वर्षानुवर्षे ओठ वाचण्यावर व बोलण्यावरच भर दिला. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीच्या किंवा हिंदीच्या शब्दांना दिलेले हातवारे नव्हेत. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. मराठीत ‘बँकेने’, ‘बँकेला’, ‘बँकेकडून’ हा फरक प्रत्यय करतात. सांकेतिक भाषेत कुणी कुणाला दिले, हे हात कुठून कुठे सरकला यावरून कळते. अशा माणसापुढे कर्जाचा बारीक अक्षरातला करार ठेवला तर अक्षरे वाचता येतील, पण जामीनदाराने नेमके काय कबूल केले हे उलगडेलच असे नाही. आणि सही तर करून घेतली जाते.

कायदा कागदावर बाजूने आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेला स्थान दिले. दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण सांगितले आणि व्यवसायासाठी सवलतीत दिल्या जाणाऱ्या जमिनीतही तेवढेच. दिव्यांगांना सवलतीच्या व्याजाने कर्ज देणारे राष्ट्रीय महामंडळ १९९७पासून आहे, राज्याचेही आहे. डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. म्हणजे पैसा अजिबात नाही अशी स्थिती नाही. अर्जाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला सांकेतिक भाषा येत नाही आणि अलीकडच्या माणसासोबत दुभाषी नसतो, इथे गाडी रुतते.

हदीसच्या अबू दाऊद यांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. एक गरजू अन्सारी पैगंबरांकडे मागायला आला. घरात काय आहे, असे त्याला विचारले गेले. एक जाडेभरडे कापड आणि पाणी प्यायचा वाडगा, एवढेच होते. पैगंबरांनी त्या वस्तूंचा लिलाव केला, २ दिरहम आले. एकाचे धान्य घरी पोहोचवायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली. कुऱ्हाड आली तेव्हा तिला दांडा स्वतःच्या हातांनी बसवून दिला आणि लाकडे तोडून विक, १५ दिवस मला दिसू नकोस, असे बजावले. तो परतला तेव्हा त्याच्याकडे १० दिरहम होते.

मेहनतीचे महत्त्व सांगायला हा प्रसंग रमजानच्या बयानांत नेहमी येतो. दांड्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. अवजार हातात दिले, पण ते वापरता यावे इतकी जोडणीही करून दिली. कर्णबधिर उद्योजकाच्या बाबतीत ती जोडणी म्हणजे त्याच्या भाषेतली माहिती.

इस्लामी न्यायशास्त्राला तर हा विषय जुनाच आहे. बोलू न शकणाऱ्याने खरेदी-विक्री केली तर ती वैध कशी ठरवायची, यावर फकीहांनी शतकांपूर्वी चर्चा केली आणि त्याच्या रूढ, ओळखीच्या खुणा जिभेने बोललेल्या शब्दांइतक्याच ग्राह्य मानल्या. १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या उस्मानी साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेत हे तत्त्व ७०वे कलम म्हणून आले. उस्मानी राजवाड्यात कर्णबधिर सेवक असत आणि दरबारी मंडळीही त्यांच्या खुणा शिकत. आज मक्केच्या हरम मशिदीतला जुम्याचा खुतबा सांकेतिक भाषेत दाखवला जातो. आपल्याकडच्या किती मशिदींत, किती सभागृहांत ही सोय आहे, ते ज्याचे त्याने मोजावे.

रमजानमध्ये बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे जकात काढतात. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली तर तिचा अडीच टक्के वाटा गरजूंना द्यायचा असतो. हा पैसा बहुतेक वेळा धान्याच्या किटमध्ये आणि कपड्यांत वाटला जातो. ते चुकीचे नाही, पण पुढच्या रमजानला तीच माणसे त्याच रांगेत दिसतात. इमाम नववींसारख्या फकीहांनी कारागिराला जकातीतून त्याच्या धंद्याची अवजारे देता येतात, असे स्पष्ट लिहिले आहे. शिलाई मशीन, ओव्हन, हातगाडी यांत बसते. अर्थात घेणारा गरीब असला पाहिजे. केवळ ऐकू येत नाही म्हणून कुणी जकातीला पात्र होत नाही, आणि असे मानणे खात्यापित्या कर्णबधिर व्यापाऱ्याचा अपमानच ठरेल.

इथे एक बारकावा आहे. भारतात बहुतांश मुस्लिम हनफी पंथ मानतात. त्यात जकातीचा पैसा गरजूच्या मालकीचा होणे ही अट आहे. म्हणून दुभाष्याचे मानधन किंवा व्हिडिओचा खर्च जकातीतून करायला अनेक उलेमा संमती देत नाहीत. त्यासाठी इमदाद आणि ऐच्छिक सदका आहे. अवजार जकातीतून, भाषेचा खर्च सदक्यातून, अशी सरळ विभागणी कोणत्याही गावातल्या बैतुलमालला करता येईल. कर्ज कसे मागायचे, हे सांगणारा १० मिनिटांचा व्हिडिओ एकदा बनला की तो शेकडो लोकांच्या मोबाइलवर फिरतो. सदका-ए-जारिया, म्हणजे देणाऱ्याच्या पश्चातही चालू राहणारे दान, म्हणून विहिरी खोदणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आणि विहिरीप्रमाणेच इथेही पाणी भरणाऱ्याचा धर्म विचारला जात नाही.

पाया काही प्रमाणात घातला गेला आहे. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०१८मध्ये ३ हजार शब्दांवर होता, २०२१मध्ये तो १० हजारांवर गेला. २०२३मध्ये अर्थव्यवहारातल्या २६० संज्ञांच्या खुणाही प्रसिद्ध झाल्या. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषावर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८३पासून उभी आहे. तिला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले नवाब अली यावर जंग यांचे नाव आहे.

व्हिडिओ करताना पडद्यावर कोण, हा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागेल. ऐकणारा वक्ता मध्यभागी आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दुभाषी, ही रीत बातम्यांना ठीक आहे. मोबाइलच्या पडद्यावर त्या चौकटीतली बोटे दिसतसुद्धा नाहीत. ज्याने स्वतः कर्ज घेऊन फेडले आहे, गिऱ्हाइकाशी कागद-पेन्सिलीवर भाव ठरवला आहे, अशा कर्णबधिर दुकानदारालाच कॅमेऱ्यासमोर बसवावे आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. खुणा गावागणिक थोड्या बदलतात. त्यामुळे आपल्या भागातल्या चार-पाच कर्णबधिरांना आधी दाखवून, त्यांना जे अडले ते पुन्हा चित्रित करून मगच तो लोकांपुढे जावा.